न्यूजलेटर लिहिणारे, ललित लिहिणारे : आमच्या शिफारशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी आम्ही जमतो. काही जण घोडबंदर रोडवरून येतात, काही ऐरोली-वाशीहून. सुरुवातीला बोलणं कथा-कादंबऱ्यांवर असायचं. मग एकेक जण सांगू लागला की सध्या मी सगळ्यांत आवडीने जे वाचतो ते पुस्तकात नाही आणि मासिकातही नाही. एक माणूस कुठेतरी बसून लिहितो आणि ईमेलने मला पाठवतो, ते मी वाचतो. अशा लेखकांची यादी आम्ही ठेवू लागलो आणि मागेल त्याला देऊ लागलो. यादी हातात पडल्यावर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. यादी सगळ्यांची आहे, उत्तरं लिहिणारी मी एकटी. म्हणून मतंही माझीच समजावीत.

न्यूजलेटर म्हणजे कंपन्या पाठवतात ती जाहिरातीची ईमेल का?

नाही. आमच्या यादीतलं न्यूजलेटर म्हणजे एका लेखकाने स्वतःच्या नावाने लिहिलेला लेख, जो थेट तुमच्या इनबॉक्समध्ये येतो. कोणी दर रविवारी पाठवतं, कोणी महिन्यातून एकदा. फेसबुकवर कोणाचं लिखाण तुमच्यासमोर येणार हे ती कंपनी ठरवते. ईमेलमध्ये लेखकाने पाठवलं की ते तुम्हाला मिळतं. नको झालं तर प्रत्येक पत्राच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' असतं, ते दाबलं की संपलं.

पाठवण्यासाठी लेखक तयार सेवा वापरतात. २०१७ साली निघालेलं सबस्टॅक त्यांत सगळ्यांत जास्त ऐकिवात आहे. घोस्ट २०१३पासून आहे आणि ते एक ना-नफा संस्था चालवते. लेख वाचणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही.

हे सगळं बाहेरचं खूळ आहे ना? मराठीत असं कुठे होतं?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण याचं उत्तर देताना आपल्याच घरातलं बरंच काही बाहेर काढता येतं.

मुंबईत भाऊ महाजन 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक चालवत. त्यात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते. पत्रं एकूण १०८ झाली, पण 'शतपत्रे' हेच नाव रूढ झालं. एकेका पत्रात एकेक विषय घ्यायचा, आपल्या समाजाला जे ऐकायला आवडणार नाही ते स्पष्ट सांगायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा लिहायला बसायचं. विद्या, आळस, रूढी, स्त्रियांची स्थिती असे विषय बदलत जातात, बोलणारा माणूस मात्र तोच राहतो. आज ज्याला आपण 'लेखकाचा आवाज' म्हणतो, तो तिथे ऐकू येतो.

त्यानंतर निबंधमाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली हे मासिक काढलं आणि जवळजवळ सगळा मजकूर एकट्याने लिहिला. ८४ अंक निघाले. संपादक तेच, लेखकही तेच. हातात कलेक्टरची खुर्ची नव्हती की संस्थानिकाचा खजिना. तरी लोक पुढच्या अंकाची वाट पाहत होते. १८८२ मध्ये ते वारले तेव्हा वय अवघं ३१ होतं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, काही तर अजिबात पटत नाहीत. पण एका माणसाने वाचकांशी थेट नातं जोडून महिन्यामागून महिना लिहीत राहणं काय असतं, ते पाहायचं तर सबस्टॅकच्या आधी निबंधमाला उघडावी.

आणि १९६०च्या दशकातली अनियतकालिकं. अशोक शहाणे यांचं 'असो', राजा ढाले यांचं 'येरू'. प्रस्थापित मासिकं छापणार नाहीत असं वाटलं की या मंडळींनी स्वतः छापलं, स्वतः वाटलं. नियमितपणाचं वचन नव्हतं, तेही नावातच सांगून टाकलं होतं. तेव्हा खूळ म्हणायचं असेल तर ते आपलं जुनं खूळ आहे.

तुम्ही शिफारस कशी करता? एकदम पन्नास नावांची यादी का देत नाही?

कारण लांबलचक यादी कोणी वाचत नाही. व्हॉट्सअॅपवर 'वाचायलाच हवेत असे २५ लेखक' फिरतात, लोक तारा लावून ठेवतात आणि विषय तिथेच संपतो.

आम्ही एका माणसाला एक लेख देतो. लेखकाचं नाव सांगण्याआधी समोरच्याला विचारतो की सध्या तुमचं काय चाललंय? वडील आजारी आहेत, नोकरी बदलली, मुलगी शिकायला बाहेर गेली, निवृत्तीनंतर सकाळ रिकामी पडते. मग त्या माणसाला चालेल असा एकच लेख, दुव्यासकट. तो आवडला तर तो माणूस स्वतःहून लेखकाचे जुने लेख शोधतो. आवडला नाही तर पुढच्या वेळी दुसरा. 'हा फार मोठा लेखक आहे' या वाक्याने आजवर कोणी वाचायला बसल्याचं मी पाहिलेलं नाही. 'तुझ्या आजोबांसारखाच एक माणूस यात आहे' असं म्हटलं की लोक त्याच रात्री वाचतात.

नेमकी शिफारस काय करू शकते याचं एक मोठं उदाहरण जपानचं आहे. न्यूयॉर्क टाइम्स दरवर्षी प्रवासासाठी ५२ ठिकाणं सुचवतो. २०२३च्या यादीत लंडनच्या पाठोपाठ दुसरं नाव मोरिओका या शहराचं होतं. टोकिओ-क्योतोपुढे त्याचं नाव बाहेरच्या लोकांनी फारसं ऐकलेलं नव्हतं. ते सुचवलं होतं क्रेग मॉड या लेखकाने. पायी हिंडण्याजोगं गाव, जुनी कॉफीची दुकानं, नदी, अशी कारणं त्याने दिली होती. तिथे स्वतः चाललेल्या माणसाने 'इथे जा आणि यासाठी जा' असं सांगितलं, म्हणून त्याला वजन आलं. आमच्याकडे नाव सुचवणाऱ्यालाही आम्ही तेच विचारतो. कुठला लेख, कोणासाठी आणि का?

एक अट मात्र पक्की आहे. एका चांगल्या लेखावर लेखक यादीत येत नाही. ज्याने नाव सुचवलं त्याने त्या लेखकाचं वर्षभराचं लेखन वाचलेलं असावं लागतं.

बरं, मग नावं सांगा. सुरुवात कोणापासून करू?

तुम्ही कोण आहात यावर ते ठरतं. काही जोड्या सांगते, ज्या आमच्याकडे पुन्हा पुन्हा जुळल्या आहेत.

येऊरला पहाटे चालायला जाणाऱ्यांना आम्ही वर सांगितलेला क्रेग मॉड देतो. हा मूळ अमेरिकन, तरुणपणीच जपानला गेला आणि तिथलाच झाला. जुन्या वाटांनी शेकडो किलोमीटर पायी जातो आणि चालतानाच लिहितो. त्याची दोन न्यूजलेटरं आहेत, 'रोडेन' आणि 'रिजलाइन'. दुसरं खास चालण्याविषयी. 'नाकासेन्दो' हा टोकिओ-क्योतो जोडणारा जुना रस्ता. तो चालताना वाटेतल्या म्हाताऱ्या कॉफीवाल्यांशी, न्हाव्यांशी, शेतकऱ्यांशी झालेली बोलणी तो फार आदराने टिपतो. गावं ओस पडत चालली आहेत, दुकानं बंद होत आहेत, तरी लिहिण्यात रडगाणं नाही. आमच्यातल्या एका काकांनी ते वाचल्यावर कोकणातल्या आपल्या गावचा जुना घाटरस्ता पायी करायचं ठरवलं आणि केलाही.

जुनी पत्रं, डायऱ्या, विसरलेली पुस्तकं यांत रमणाऱ्यांना मारिया पोपोवा. बल्गेरियात जन्मलेली, अमेरिकेत राहणारी. २००६ मध्ये तिने सात ओळखीच्या लोकांना आठवड्याचं एक ईमेल पाठवायला सुरुवात केली. पुढे त्याचं मोठं वाचनघर झालं. २०२१पासून त्याचं नाव 'द मार्जिनॅलियन'. जाहिरात नाही, वाचकांच्या देणग्यांवर चालतं. एका लेखात चार-पाच पुस्तकांचे धागे असतात, म्हणून सावकाश वाचावं. घाईत वाचलं तर ते सुविचारांसारखं वाटू लागतं आणि लेखिकेवर अन्याय होतो.

ज्यांच्या घरात मृत्यू झालाय त्यांना काही सुचवायचं म्हणजे जपूनच सुचवावं लागतं. त्यांनी स्वतः विचारलं तरच आम्ही निक केव्ह या गायकाची 'द रेड हँड फाइल्स' देतो. त्याचा १५ वर्षांचा मुलगा २०१५ मध्ये अपघातात गेला. २०१८पासून तो वाचकांच्या प्रश्नांना एकेक पत्र लिहून उत्तर देतो. प्रश्न कोणीही पाठवावा, विषयाला बंधन नाही, पैसे नाहीत. सुरुवातीच्या पत्रांपैकी एक शोकाबद्दलचं आहे. ज्याच्यावर जीव लावला त्याचा शोक होणारच, दोन्ही एकत्रच येतात, असं तो त्यात म्हणतो. नौपाड्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने ते पत्र यजमानांच्या जाण्यानंतर वाचलं आणि आम्हाला सांगितलं की या दिवसांत उपदेश न करता बोललेला हा पहिलाच माणूस. त्या एका वाक्यासाठी मी हे नाव यादीतून कधीही काढणार नाही.

कथा लिहू पाहणाऱ्यांना जॉर्ज सॉन्डर्सचं 'स्टोरी क्लब'. २०१७चं बुकर मिळालेला हा लेखक वाचकांबरोबर एकेक कथा सावकाश वाचतो, हे वाक्य इथे का आलं असेल ते विचारत जातो. शिक्षकांनी तर वाचावंच.

घोडबंदरच्या वाहतुकीवर, पाण्यावर, शाळांच्या फीवर तावातावाने बोलणाऱ्यांना 'अँटिसिपेटिंग द अनइंटेंडेड'. प्रणय कोटस्थाने आणि रघू जेटली हे दोघे मिळून लिहितात. चांगल्या हेतूने केलेला नियम भलतीकडे कसा जातो, हा त्यांचा कायमचा विषय. आत्मपर लेखन नाही हे, पण वाचून आपला राग थोडा शहाणा होतो.

मुंबईतला अमित वर्माही आमच्या यादीत आहे. त्याचा 'इंडिया अनकट' ब्लॉग २००४चा, तेच नाव आता न्यूजलेटरला आहे. त्याने घेतलेल्या कित्येक तासांच्या मुलाखती बऱ्याच जणांनी ऐकलेल्या असतात, लेखन मात्र कमी जणांनी वाचलेलं असतं. लिहिण्याची सवय कशी लावावी यावर तो जे लिहितो, ते पंचविशीतल्या मुलांना द्यायला चांगलं.

खाण्यावर वाचायला आवडणाऱ्यांना 'विटल्स'. जोनाथन नन याने २०२०च्या टाळेबंदीत लंडनमधून सुरू केलं. आता त्यात अनेक लेखक लिहितात. मोठ्या हॉटेलांपेक्षा परदेशातून आलेल्या लोकांची छोटी दुकानं, त्यांची स्वयंपाकघरं तिथे जास्त भेटतात.

सगळी इंग्रजीच? मराठीत कोण?

मराठीत थेट ईमेलवर नियमित ललित पाठवणारे अजून थोडे आहेत. स्वतंत्र मराठी लेखन आज प्रामुख्याने फेसबुकवर, 'मायबोली'सारख्या संकेतस्थळांवर आणि दिवाळी अंकांत सापडतं. मायबोली १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं. परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी माणसांनी आपला पहिला ललित लेख तिथेच लिहिला. दिवाळी अंकांची परंपरा तर १९०९ची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची.

फेसबुकवर लिहिणाऱ्यांची अडचण अशी की गेल्या पावसाळ्यातली सुंदर पोस्ट आज शोधायला गेलं तर मिळत नाही. म्हणून असं लिहिणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना आम्ही कळकळीने सांगतो की महिन्यातून एकदा ईमेल करा. टोपणनावानेही लिहा. पण वाचकांचे पत्ते तुमच्याकडे असू द्या.

हयात मराठी लेखकांची नावं मी इथे देत नाही, कारण त्यातले बरेच जण नोकरी सांभाळून, ओळखीच्या वर्तुळापुरतं लिहितात आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांना चव्हाट्यावर आणणं बरं नाही. प्रत्यक्ष भेटलात तर सांगू.

मराठी ललित वाचलेलंच नाही. पाया कुठून घालू?

इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'पासून. मानववंशशास्त्राच्या विदुषी, पण लेख लिहिताना त्या आपल्याशी बोलतात. त्यातला 'वाटचाल' हा पंढरीच्या वारीवरचा लेख आधी वाचा. वारीत चालणारी बाई भक्तही आहे आणि अभ्यासकही, आणि जातीच्या दिंड्या वेगळ्या चालतात हे तिला खुपतं. ते खुपणं लपवत नाही म्हणून तो लेख आजही ताजा आहे. मग शीर्षकलेख. कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी ओळख करून दिली जात असताना काहीतरी राहून गेल्याची रुखरुख, आणि शेवटी रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडून ती ओळख पुरी होणं. चार पानांचा ऐवज आहे.

नंतर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. वर्षाचे महिने घेऊन लिहिलेलं. एकेक महिना त्या त्या महिन्यातच वाचावा असं माझं मत आहे. आमच्या गटात दोघी तसंच वाचतात आणि मग मासुंदा तलावाच्या काठावरची झाडं नावानिशी ओळखू लागतात. तिसरे अनिल अवचट. त्यांचं साधं, विशेषणं टाळणारं वाक्य नवोदितांनी पाहून घ्यावं.

ही पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. १८९३ साली सुरू झालेलं, वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने. सभासद व्हा. ठाण्यात राहून तिथे न जाणं परवडणारं नाही.

चांगलं आत्मपर लेखन आणि नुसती रडकथा यांत फरक कसा ओळखायचा?

लेख संपल्यावर तुम्हाला लेखकाबद्दलच माहिती मिळाली, की एखाद्या गोष्टीबद्दलही? चांगल्या लेखात लेखकाच्या पलीकडचं काहीतरी स्पष्ट दिसतं. एखादी खोली, एखादी आत्या, एखाद्या धंद्याची रीत. 'मला फार वाईट वाटलं' या वाक्याशिवाय वाईट वाटलेलं कळतं. दुसरं म्हणजे, लेखकाने घरच्यांना कसं वागवलंय ते पाहा. नवरा, सासू, आईवडील यांना नुसतं खलनायक केलं असेल तर तो लेख कितीही गाजला तरी आम्ही पुढे पाठवत नाही. त्या माणसांना उत्तर द्यायला जागा नसते.

किती न्यूजलेटर घ्यावीत?

तीन. त्यांतलं एक मराठी किंवा एक मराठी पुस्तक. चौथं घ्यायचं तर एक बंद करा.

लोकलमध्ये नेटवर्क जातं. वाचू कसं?

ईमेलचा फायदा इथेच आहे. गाडीत चढण्याआधी ईमेल एकदा उघडलं की मजकूर सहसा फोनवर राहतो. सबस्टॅकच्या ॲपमध्येही लेख आधी उघडून ठेवावा. आमच्या यादीत प्रत्येक लेखापुढे प्रवास लिहिलेला असतो, 'ठाणे ते मुलुंड', 'ठाणे ते दादर', 'ठाणे ते वाशी', 'ठाणे ते सीएसएमटी'. मिनिटांपेक्षा हे लोकांना पटकन कळतं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ज्या ३४ किलोमीटरवर धावली, तेवढ्या अंतरात मारिया पोपोवाचा एक लेख आरामात होतो, बसायला मिळालं तर.

सबस्क्राइब केलं पण ईमेल येतच नाही. आलं तरी अर्धं येतं.

येतं, पण जीमेल ते 'प्रमोशन्स' नावाच्या कप्प्यात टाकतं. तिथून उचलून 'प्रायमरी'मध्ये ओढा आणि पुढच्या वेळीही असंच कर असं विचारलं की 'हो' म्हणा. स्पॅमही एकदा बघा. अर्धं येण्याचं कारण असं की साधारण १०२ केबीपेक्षा मोठं ईमेल जीमेल तळाशी कापतं. शेवटी पूर्ण संदेश पाहा अशा अर्थाची ओळ असते, ती दाबायची. कित्येकांनी लेखाचा शेवट न वाचताच 'अचानक संपला' असं आम्हाला कळवलं आहे.

पैसे द्यावेत का? फुकट वाचता येतं तर कशाला?

परवडत असेल तर एका लेखकाला जरूर द्यावेत. सगळ्यांना नाही, एकाला.

स्वतंत्र लेखकाला पगार नसतो. सबस्टॅकवर वाचकाने भरलेल्या वर्गणीतले १० टक्के कंपनी घेते, पैसे हाताळणारी सेवा आपला हिस्सा कापते, उरलेलं लेखकाचं. म्हणजे मोठा वाटा खरोखर लिहिणाऱ्याकडे जातो. क्रेग मॉडने २०१९ मध्ये सभासद योजना सुरू केली आणि त्या जोरावर पुढची पुस्तकं उत्तम कागदावर स्वतः छापली. काही हजार वाचकांनी ठरवलं तर एक माणूस वर्षानुवर्षं चालू आणि लिहू शकतो.

तरी ठाण्यातल्या माणसाला महिना पाच डॉलर ही रक्कम छोटी नाही, हे आम्हाला माहीत आहे. विद्यार्थ्यांनी आणि निवृत्तांनी फुकट वाचावं, त्यात कमीपणा नाही. बरेच लेखक परिस्थिती कळवली तर सवलतही देतात. आमच्या गटात दोघा-तिघांनी मिळून एखाद्याला वार्षिक वर्गणी भेट देण्याची पद्धत आहे. वाढदिवसाला शालीपेक्षा ती बरी.

माझं कार्ड चालतच नाही.

हे फार होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी तुमची आधी नोंदलेली संमती लागते आणि रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. परदेशी सेवांचं याच्याशी नेहमी जमत नाही. दोन गोष्टी करून पाहा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघा, आणि महिन्याऐवजी वर्षाची वर्गणी एकदम भरा.

उलट बाजूनेही अडचण आहे. सबस्टॅक वर्गणी स्ट्राइप या सेवेमार्फत गोळा करतं आणि स्ट्राइपने २०२४पासून भारतातली नवी खाती फक्त निमंत्रितांसाठी ठेवली आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या नव्या लेखकाला तिथे वर्गणी लावणंच कठीण. मराठीत सशुल्क न्यूजलेटर फारशी दिसत नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे. अशा लेखकाने यूपीआयचा क्यूआर दिला असेल तर कृपया त्यावर शंभर रुपये पाठवा. ते त्याला नुसत्या कौतुकापेक्षा जास्त दिवस पुरतात.

लेखकाला उत्तर लिहिलं तर तो वाचेल?

बहुतेक वेळा हो. सबस्टॅकच्या ईमेलला 'रिप्लाय' केलं की ते सहसा लेखकाकडेच जातं. हजारो वाचक असलेला लेखक प्रत्येकाला उत्तर देऊ शकणार नाही, पण छोटा लेखक देतो. काय आवडलं ते नेमकं लिहा. कुठला परिच्छेद, त्यावरून तुम्हाला कोणाची आठवण झाली. इंग्रजी कच्चं असेल तर साध्या वाक्यात लिहा. वाशीच्या आमच्या एका मैत्रिणीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल एका परदेशी लेखिकेला लिहिलं होतं. चार ओळींच्या पत्राला दोन पानी उत्तर आलं.

आवडलेला लेख व्हॉट्सअॅपवर कॉपी करून टाकू का?

दुवा पाठवा, मजकूर नको. कॉपी केलेल्या मजकुराखालून दुसऱ्याच दिवशी लेखकाचं नाव गळून पडतं आणि तिसऱ्या दिवशी तो कोणा प्रसिद्ध माणसाच्या नावावर फिरू लागतो. मराठीत कवितांचं हे किती झालंय ते आपण सगळे पाहतो. दुव्यासोबत स्वतःची एक ओळ लिहा, नाहीतर कोणी उघडणार नाही.

लेखकाने बंद केलं तर जुने लेख जातात का?

जाऊ शकतात. 'टायनीलेटर' नावाची छोटी, फुकट सेवा कितीतरी आत्मपर लेखकांची आवडती होती. मेलचिंप या ईमेल-सेवेच्या कंपनीने ती २०११ मध्ये विकत घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ला बंद केली. ज्यांनी आपलं लेखन आधी उतरवून घेतलं नाही, त्यांचे संग्रह गेले. म्हणून फार आवडलेला लेख पीडीएफ करून ठेवा किंवा छापा. आमच्याकडे छापील लेखांच्या फायली आहेत आणि डोळ्यांना स्क्रीन सोसत नाही अशी मंडळी त्यांतूनच वाचतात.

एआयने लिहिलेलं आहे असा संशय आला तर?

जुने लेख वाचा. माणसाच्या लेखनात तीच गल्ली, तीच बहीण, तोच जुना सल वर्षभराने पुन्हा येतो आणि थोडा बदललेला असतो. ते कुठेच सापडलं नाही तर आम्ही नाव घेत नाही.

लेखकाची राजकीय मतं पटेनाशी झाली की नाव काढता?

मतभेदासाठी नाही. माणसांबद्दल तुच्छता येऊ लागली की काढतो.

मी स्वतः लिहितो. मला यादीत घ्याल?

घेऊ, पण तुमचं नाव दुसऱ्या कोणीतरी सुचवायला हवं. आधी सहा-आठ महिने ठरलेल्या दिवशी पाठवत राहा, वाचक वीस असले तरी. आमच्या बैठकीला या, तिथे वाचून दाखवा. त्या वीसांतला कोणीतरी तुमचं नाव सुचवेल, तेव्हा आम्ही आनंदाने वाचू.

यादीत नाव सुचवायचं असेल तर काय लिहू?

लेखकाचं नाव, एका लेखाचा दुवा, तो कोणाच्या हाती द्यावासा वाटतो आणि का, अशा तीन-चार ओळी पुरेत. 'छान लिहितात' एवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही. बैठकीत सुचवणाऱ्याने त्या लेखाचं एक पान मोठ्याने वाचायचं असतं. येणं जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालतो. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत फक्त मराठी नावं घेतो, म्हणजे दिवाळी अंक विकत घ्यायला निघताना यादी हातात असते.